तो रेडिओ आधी बंद कर!

गोष्ट आहे २०१२ सालच्या जून महिन्यातली. आमचे चिरंजीव अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेले आहेत. त्या वर्षी मी आणि आमची मंडळी तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. शनिवारी सकाळी एडिसन गावच्या ओक ट्री रोडवर जाऊन आठवड्याची भाजी आणि वाणसामान आणायचे, हा त्या घरचा नेम. कोथिंबिरीच्या जुडीपासून पोह्यांपर्यंत सगळे तिथे मिळते. त्यामुळे मीही पिशवी घेऊन हौसेने निघत असे.

गाडी चिरंजीव चालवीत होते. शेजारी मी. मागे आमची मंडळी, तेरा वर्षांचा नातू आणि नऊ वर्षांची नात. गाडीतल्या रेडिओवर कोणते स्टेशन लावायचे, हा हक्क नातवाकडे. त्याने न्यूयॉर्कचे एक स्टेशन लावले. धाडधाड ठेका सुरू झाला आणि त्यावर एक गृहस्थ गाण्याऐवजी भरभर बोलू लागले. मला शब्द कळेनात. पण एक गोष्ट लक्षात आली. दर दोन-तीन ओळींनी आवाज क्षणभर नाहीसा होई आणि पुन्हा येई.

"रेडिओत काही बिघाड झालाय वाटतं," मी म्हणालो.

चिरंजीव हसले. "बिघाड नाही, बाबा. वाईट शब्द आला की तो रेडिओवर पुसून टाकतात. इथला तसा नियम आहे."

मी मागे वळून पाहिले. नातवाचे ओठ हलत होते. गाणे जिथे मुके होई नेमके तिथेच ते जास्त जोरात हलत. आमच्या लहानपणी भाषेच्या पेपरात 'गाळलेल्या जागा भरा' असा एक प्रश्न हमखास असे. आमचा नातू त्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळवीत होता!

घरी आल्यावर मी चिरंजिवांना त्या गाण्याचे शब्द संगणकावर शोधून कागदावर छापून द्यायला लावले. चष्मा लावून वाचले आणि डोके सुन्न झाले. निम्मे शब्द पैशाच्या बढाईचे होते, काही पिस्तुलाचे होते, आणि बायकांना उद्देशून जे होते ते मी वाड्यातल्या नळावरच्या भांडणातही ऐकले नव्हते. रात्री जेवणे झाल्यावर मी नातवाला समोर बसवले. संस्कार, कुळाचार, आजीचे सोवळे, कशाकशाचा म्हणून उल्लेख करायचा राहिला नाही. शेवटी चिरंजिवांकडे वळून फर्मावले, "काही नाही, तो रेडिओ आधी बंद कर!"

चिरंजिवांनी आज्ञा पाळली. नातवानेही पाळली. पुढच्या शनिवारी गाडीत अगदी शुद्ध शांतता होती. मी समाधानाने मागे पाहिले, तर नातवाच्या कानात दोन पांढरी बोंडे आणि त्यांची तार खिशात गेलेली. मान ठेक्यावर डोलत होती. खिशातल्या त्या यंत्रात गाणे तेच होते. मात्र त्यातला एकही शब्द आता पुसलेला नव्हता. बदल एवढाच झाला होता, की आता आम्हांला ते ऐकू येत नव्हते. आणि नातू माझ्याशी 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे एक अक्षर बोलत नव्हता.

रात्री आमची मंडळी म्हणाली, "अहो, एक सांगू? तुम्ही परवा अगदी अण्णांसारखे बोललात."

अण्णा म्हणजे माझे वडील.

इराण्याच्या हॉटेलातले संगीत

तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमानी. सिनेमाची गाणी नव्या पिढीची अभिरुची बिघडवतात, असे त्यांचे ठाम मत. त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच ती गाणी ऑल इंडिया रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली. झाले काय? देशातल्या पोरांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे वळवला. रेडिओ सिलोनवर त्याच वर्षीच्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज घराघरांत घुमू लागला.

आमच्या घरी मात्र घुमला नाही. अण्णा केसकरांच्याच पंथाचे. आमच्या पुण्याच्या वाड्यात रेडिओ होता, पोस्टात जाऊन त्याचे लायसन्सही अण्णा वेळेवर भरीत. पण त्याचा काटा पुणे-मुंबईपलीकडे हलता कामा नये असा दंडक होता. मी तेव्हा बारा वर्षांचा. बुधवार आला की गृहपाठाची वही काखोटीला मारून मी मित्राकडे म्हणून जात असे आणि कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलाबाहेर उभा राहून गीतमाला ऐकत असे. एका बुधवारी अण्णा तिथे आले. माझा कान त्यांच्या हातात, आणि त्याच कानात इराण्याचा रेडिओ, अशी आमची वरात वाड्यापर्यंत गेली.

पुष्कळ वर्षांनी आत्याने मला निराळीच हकीकत सांगितली. अण्णा शाळकरी असताना बालगंधर्वांचे नाटक पाहायला चोरून पिटात जाऊन बसले होते. घरी कळल्यावर आजोबांनी वेताची छडी मोडेपर्यंत त्यांना मारले होते. नाटकातली गाणी पोरांना बिघडवतात, हे आजोबांचे मत! ज्या नाट्यपदांपुढे अण्णांना सिनेमाची गाणी हलकी वाटत, ती पदे एके काळी आमच्याच घरात हलकी ठरली होती.

म्हणजे आमच्या घराण्यात तीन पिढ्यांनी तेच वाक्य उच्चारले होते, आणि तिन्ही वेळा गाणे थांबले नव्हते.

परंतु एवढ्यावरून 'चालायचेच, प्रत्येक पिढीचे असेच असते' असे म्हणून हात झटकणेही मला पटेना. गीतमालेतल्या कुठल्याही गाण्यात बाईला ती विशेषणे नव्हती. तेव्हा ठरवले, की आधी हे प्रकरण आहे तरी काय ते समजून घ्यायचे. गावात सार्वजनिक वाचनालय उत्तम होते. मी रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागलो.

एका वाढदिवसाएवढी मेजवानी

हिप-हॉपचा जन्म कुठे आणि कधी झाला, हे पत्त्यासकट सांगता येते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सेजविक ॲव्हेन्यूवर १५२० क्रमांकाची एक मोठी चाळवजा इमारत आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिच्या तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात एका शाळकरी मुलीने मेजवानी ठेवली. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायला पैसे जमवावेत, एवढाच हेतू. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट प्रवेश फी. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ होता. क्लाइव्ह कॅम्पबेल त्याचे नाव. जमैकातून आलेल्या कुटुंबातला हा मुलगा पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. गाण्यात मधेच शब्द थांबून नुसता ठेका वाजतो, तिथे पोरे बेभान नाचतात, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून तो त्या ठेक्याचा तुकडाच आलटूनपालटून वाजवीत राही. त्यावर कुणीतरी यमके जुळवीत बोलू लागे. तेच पुढे रॅप झाले.

हे वाचताना मला आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडांची आठवण झाली. डफ-तुणतुण्याच्या ठेक्यावर एका शाहिराने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याची रेवडी उडवीत जवाब द्यायचा. ब्रॉन्क्समधली पोरेही एकमेकांना अशीच शब्दांनी चीत करीत. त्या काळात त्या भागातली घरे ओस पडत होती, इमारतींना आगी लागत होत्या, नोकऱ्या नव्हत्या. हातात वाद्य नाही आणि शिकवायला गुरू नाही, अशा पोरांनी घरातल्या जुन्या तबकड्यांतून आपले गाणे उभे केले. कौतुकच करायला हवे.

गंमत म्हणजे रॅपची पहिली गाजलेली तबकडी आमच्या चिरंजिवांच्याच राज्यातली. न्यू जर्सीतल्या एंगलवूड गावी सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंची छोटीशी कंपनी होती. त्यांनी पिझ्झाच्या दुकानात काम करणारा एक तरुण आणि त्याच्यासारखेच आणखी दोघे जमवून १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ध्वनिमुद्रित केले. रेडिओवाले तीन-चार मिनिटांपेक्षा लांब गाणे लावायला नाखूश. हे तर चौदा मिनिटांचे! तरीही ते देशाच्या पहिल्या चाळीस गाण्यांत जाऊन बसले. १९८२ साली त्याच कंपनीने 'द मेसेज' काढले. त्यात ना बढाई होती ना शिवी. गरीब वस्तीतल्या माणसाचा जीव कसा गुदमरतो त्याचे ते वर्णन होते. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या स्टेशनने मिस्टर मॅजिक नावाच्या निवेदकाला आठवड्याच्या अखेरीस रात्रीची वेळ दिली, आणि शहरातली पोरे कॅसेट लावून तो कार्यक्रम उतरवून घेऊ लागली. मी हे वाचले आणि मला माझा बुधवार आठवला.

नियम आणि त्याची गंमत

आता ते पुसलेले शब्द. त्यांचीही एक कथा आहे, आणि ती एका बापाची आहे. कूल हर्कच्या मेजवानीनंतर तीन महिनेही झाले नव्हते. ३० ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी न्यूयॉर्कच्याच एका स्टेशनने जॉर्ज कार्लिन या विनोदी नटाचे भाषण लावले. उघडपणे उच्चारू नयेत अशा शब्दांवरच ते भाषण होते, आणि त्यात ते शब्द मनमुराद उच्चारले होते. मुलाला घेऊन मोटारीतून चाललेल्या एका गृहस्थाच्या कानांवर ते पडले. त्यांनी सरकारी दळणवळण आयोगाकडे तक्रार केली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ साली पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निकाल लागला, की मुले ऐकत असण्याचा संभव असेल अशा वेळी रेडिओवर असे शब्द आले तर आयोगाला कारवाई करता येईल. पुढे सकाळी सहा ते रात्री दहा ही वेळ त्यासाठी ठरली. आमच्या गाडीतला रेडिओ मुका होत होता तो या नियमामुळे.

पण शब्द पुसला म्हणजे अर्थ पुसला जातो का? २००१ साली ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या एका लहान स्टेशनला आयोगाने सात हजार डॉलर दंड सुचवला. कारण त्याने सारा जोन्स या कवयित्रीची एक रचना लावली होती. रचना कशावर? तर रॅपमध्ये बायकांना ज्या तऱ्हेने वागवले जाते त्याचा निषेध करण्यासाठी! निषेध करायचा तर त्या गाण्यांतल्या गोष्टींचा उल्लेख करावाच लागणार. तो आयोगाला खटकला. सुमारे पावणेदोन वर्षांनी, २००३ च्या फेब्रुवारीत, आयोगाने तो निर्णय मागे घेतला. नियमाच्या चाळणीला शब्द दिसतो. तो कोण, कुणाला आणि कशासाठी बोलतो आहे, हे तिला दिसत नाही.

पालकांचा आवाजही काही लहान नव्हता. टिपर गोर या सिनेटरच्या पत्नीने आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी प्रिन्स या गायकाची तबकडी आणली. त्यातले एक गाणे ऐकून त्या हादरल्या. ते रॅप नव्हते. पण १९८५ साली त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी जी चळवळ केली, तिच्यामुळे सिनेटपुढे सुनावणी झाली आणि तबकड्यांवर पालकांसाठी इशाऱ्याची चिठ्ठी आली. १९८८ साली लॉस एंजलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या तरुणांच्या एका संघाचा राकट, पोलिसांवर तुटून पडणारा संग्रह निघाला. रेडिओने तो जवळजवळ वाळीतच टाकला. तरीही वर्षभरात त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या.

आणि कृष्णवर्णीय समाजातली वडीलधारी मंडळी गप्प होती असेही नाही. डॉ. मार्टिन ल्यूथर किंगांबरोबर मोर्चात चाललेल्या सी. डेलोरेस टकर या वयस्क बाईंनी १९९३ पासून अशा गाण्यांविरुद्ध रान उठवले. हार्लेममधले धर्मगुरू कॅल्व्हिन बट्स यांनी त्याच वर्षीच्या जूनमध्ये कॅसेटी रस्त्यावर ओतून त्यांच्यावर रोड रोलर फिरवायचे जाहीर केले. तर तरुण मुले रोलरपुढे उभी राहिली! या थोरांचे दुःख खोटे नव्हते. आपल्या नातींना कुणी त्या नावांनी हाक मारावी, हे कुठल्या आजीला सोसेल? पण रोलरपुढे उभ्या राहिलेल्या पोरांचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते : आमच्या वस्तीत जे चालते ते आम्ही बोललो तर राग येतो, ते चालते याचा राग का येत नाही?

आमचा प्रयोग

एवढे वाचून झाल्यावर मी एका संध्याकाळी नातवाच्या खोलीत गेलो आणि त्याला इराण्याच्या हॉटेलाची गोष्ट सांगितली. कान पकडून नेल्याचा भाग आला तेव्हा तो खो खो हसला. तीन आठवड्यांत तो माझ्यापुढे प्रथमच हसत होता.

"आजोबा, मग तुम्ही गाणी ऐकणं सोडलंत?"

"छे! पुढच्या बुधवारी दुसऱ्या आळीतल्या इराण्याकडे गेलो."

मग आमचा करार झाला. रोज जेवणानंतर त्याने मला त्याची दोन गाणी ऐकवायची आणि मी त्याला माझी दोन. मी मधेच उठून जायचे नाही, त्याने मधेच हसायचे नाही. त्याच्या गाण्यातल्या एखाद्या ओळीबद्दल मी विचारले तर त्याने लाजून टाळायचे नाही.

एकदा मी विचारले, "हा मनुष्य बायकांबद्दल असं बोलतो. तू आपल्या आईबद्दल असं बोलशील?"

"आजोबा, तो खरंच तसं म्हणत नाही. ते एक पात्र आहे. नाटकात नसतो का व्हिलन?"

मुद्दा बिनतोड होता. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी चहाच्या वेळी म्हणालो, "कबूल. पण नाटकात खलनायकासमोर नायक असतो, शेवटचा अंक असतो. तुझ्या रेडिओवर तो एकटाच दर दोन तासांनी येऊन तेच भाषण करून जातो. त्याला उत्तर द्यायला कुणी येतच नाही."

तो म्हणाला, "दर दोन तासांनी नाही येत."

"पैज?"

त्या रविवारी आजोबा-नातू रेडिओपाशी वही-पेन्सिल घेऊन बसलो. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत आळीपाळीने पहारा केला. एक गाणे सात वेळा लागले. दुसरी चार गाणी पाच किंवा सहा वेळा. नातू वहीकडे बघत राहिला. म्हणाला, "आजोबा, मला हे गाणं आवडतं असं मी सगळ्यांना सांगतो. पण मला ते आवडतं, की ते सारखं लागतं म्हणून आवडतं?"

मोठमोठ्या पंडितांनी विचारलेला प्रश्न पोराने सहज विचारला होता. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांनी दाखवले होते, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती माणसाला आवडू लागते. गाणे विकणाऱ्यांना हे शास्त्राच्या आधीपासून ठाऊक होते. गाणे वारंवार लागावे म्हणून रेडिओवाल्यांचे हात ओले करणे हा अमेरिकेतला जुना रोग. १९६० साली त्याविरुद्ध कायदा झाला. तरी २००५ साली न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याने अशाच प्रकारांबद्दल सोनी बीएमजी कंपनीकडून एक कोट डॉलर वसूल केले. सहली आणि महागड्या वस्तू भेट देऊन गाणी लावून घेतली जात होती. त्यात १९९६ च्या नव्या कायद्याने एका मालकाकडे किती स्टेशने असावीत याची देशभराची मर्यादा उठवली. पूर्वी एका मालकाला चाळीस स्टेशनांपुढे जाता येत नसे. नंतर एकाच कंपनीकडे बाराशेहून अधिक स्टेशने जमली. आपल्याला वाटते पोरे गाणी निवडतात. पोरांसाठी ती अगोदरच निवडलेली असतात. 'द मेसेज' आणि शिवराळ बढाई ही दोन्ही एकाच झाडाची फळे. पण टोपलीत वर कोणते ठेवायचे हे फळवाला ठरवतो.

मग मुलांवर परिणाम होतो की नाही? २००६ साली बालरोगतज्ज्ञांच्या एका नामांकित नियतकालिकात १२ ते १७ वर्षांच्या १,४६१ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाईला वस्तू मानणारी, माणसाला हीन लेखणारी प्रणयगीते जी मुले अधिक ऐकत, ती पुढे लवकर शरीरसंबंधाकडे वळलेली आढळली. नुसत्या शृंगाराच्या, पण माणसाचा मान राखणाऱ्या गाण्यांबाबत तसे आढळले नाही. म्हणजे शृंगारात दोष नाही, तुच्छतेत आहे. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्या वाचत वाढलेल्या आपल्याला हे पटायला हरकत नाही.

दुसऱ्या बाजूनेही पुरावा आहे, तोही सांगितला पाहिजे. १९९० च्या दशकात असे रॅप घरोघर पोहोचले, आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. कॅरी फ्रीड या संशोधिकेने एका जुन्या लोकगीताचे हिंसक शब्द लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितले हे रॅप आहे, काहींना सांगितले हे ग्रामीण गोऱ्यांचे गाणे आहे. शब्द तेच, पण रॅप म्हटले की ते लोकांना अधिक धोकादायक वाटले. आपला राग शब्दांवर किती आणि गाणाऱ्याच्या कातडीवर किती, हेही ज्याने त्याने तपासावे.

तथापि आमच्या घरातला निकाल यातल्या कशानेच लागला नाही. ऑगस्टातली एक सकाळ. सूनबाई पोळ्या लाटीत होत्या आणि आमची नऊ वर्षांची नात ओट्याभोवती दोरीच्या उड्या मारीत गाणे म्हणत होती. गाणे तेच, सात वेळा लागलेले. आणि त्यातली गाळलेली जागा तिने खणखणीत आवाजात भरली. तिला अर्थ ठाऊक नव्हता. भावाच्या ओठांवरून तिने तो शब्द उचलला होता.

कुणी काही बोलण्यापूर्वी नातवाचा चेहरा लालबुंद झाला. तो उठला, बहिणीला बाहेर घेऊन गेला आणि बराच वेळ तिच्याशी काहीतरी बोलत होता. शनिवारी गाडीत बसल्यावर ते गाणे लागले तेव्हा त्याने स्वतःच हात पुढे करून स्टेशन बदलले. "ती ऐकते," एवढेच म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माझ्या तासाभराच्या व्याख्यानाने जे साधले नव्हते, ते झाले होते.

एका दूरध्वनी क्रमांकाचे गाणे

इथे हा लेख संपला असता. पण पुढे जे झाले त्याने माझे उरलेसुरले गर्वहरण झाले.

२०१७ साली नातू कॉलेजला गेला आणि वसतिगृहात राहू लागला. त्या वर्षी लॉजिक नावाच्या रॅपरचे एक गाणे निघाले. त्याचे नाव म्हणजे एक दूरध्वनी क्रमांक : आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्या माणसाला धीर देणाऱ्या राष्ट्रीय मदतकेंद्राचा तेव्हाचा क्रमांक. निराशेने ग्रासलेला एक तरुण फोन करतो, पलीकडचा माणूस त्याचे ऐकून घेतो, आणि शेवटी त्याला जगावेसे वाटते, असा त्या गाण्याचा आशय. ते रेडिओवर वारंवार लागले.

एका रात्री नातवाचा पुण्याला फोन आला. त्याच्या मजल्यावरचा एक मुलगा काही दिवस खोलीबाहेर पडत नव्हता. सगळ्यांना वाटले, अभ्यासात असेल. नंतर त्यानेच सांगितले की एका रात्री फार वाईट विचार आले, आणि त्या गाण्यामुळे क्रमांक पाठ होता म्हणून त्याने तो फिरवला. आता त्याच्यावर उपचार चालू होते, आईवडील येऊन गेले होते.

"आजोबा," नातू म्हणाला, "रेडिओवर सारखं लागतं म्हणून पाठ होतं, असं तुम्ही म्हणाला होतात ना? तो नंबर त्याला तसाच पाठ झाला."

माझ्याच्याने काही बोलवेना.

२०२१ च्या डिसेंबरात ब्रिटिश वैद्यकांच्या एका मान्यवर नियतकालिकात या गाण्याविषयी अभ्यास आला. ज्या चौतीस दिवसांत ते गाणे सर्वाधिक चर्चेत होते, त्या दिवसांत मदतकेंद्राकडे अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले. आणि त्याच काळात १० ते १९ या वयोगटातल्या आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या. केवळ गाण्यामुळेच हे झाले असे शास्त्रज्ञ सहसा छातीठोक सांगत नाहीत, आणि तेच योग्य. पण २४५ घरांचा आकडा वाचून माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही. आपल्याकडेही असे केंद्र आहे. १४४१६ हा त्याचा क्रमांक. अजून त्याचे गाणे कुणी केलेले माझ्या कानांवर नाही. करावे.

गाण्याचा मुलांवर परिणाम होतो, हे माझे २०१२ सालचे म्हणणे खरेच होते. मात्र परिणाम वाईटच होतो हे म्हणणे चूक होते, आणि रेडिओ बंद करणे हा त्यावरचा उपाय, हे तर त्याहून चूक. रेडिओ बंद केल्याने गाणे बंद होत नाही. मुलांचे आपल्याशी बोलणे बंद होते. आज तर गाडीतल्या रेडिओची मक्तेदारीही राहिलेली नाही. गाणी हातातल्या फोनमध्ये आली आहेत, आणि एक गाणे संपले की पुढचे कोणते ऐकवायचे हे तो फोनच ठरवतो. तेव्हा शेजारी बसून 'हा कोण बोलतो आहे रे, आणि कुणाला?' असे विचारणारे माणूस पूर्वीपेक्षा अधिकच हवे.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावरची मुले किल्ला करीत होती. मातीचे बुरूज थापताना त्यांच्यातल्या एकाच्या फोनवर मुंबईच्या कुठल्याशा पोराचे रॅप चालू होते. कुर्ला, अंधेरीच्या गल्ल्यांतून आता हे गाणे आपल्याही भाषांत आले आहे. मी गॅलरीतून वाकून पाहिले. ज्याचा फोन होता त्याने मला पाहिले आणि घाईने आवाज कमी केला. म्हाताऱ्या माणसाची नजर वर दिसली की पुढचे वाक्य काय असते, हे त्यालाही घरून ठाऊक असणार.

मी म्हटले, "कमी का केलास? जरा मोठा कर. शब्द कळत नाहीत. मी खाली येतो."